घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? सोपं सॉफ्टवेअर निवडताना आधी हे तपासा

मोबाईल समोर ठेवून गायलेलं गाणं नंतर ऐकलं की बहुतेकांची तक्रार सारखीच असते. पेटी मोठी, गळा लहान आणि मधेच कुकरची शिट्टी. सगळे आवाज एकाच फाईलमध्ये मिसळून गेलेले असतात, त्यामुळे नंतर पेटी कमी करता येत नाही आणि शिट्टीही काढता येत नाही.

ही अडचण सोडवण्यासाठी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर असतं. पण शोधायला गेलं की नावांची रांग लागते: ऑडॅसिटी, गराजबँड, बँडलॅब, रीपर, क्यूबेस, लॉजिक प्रो, एफएल स्टुडिओ. काही मोफत आहेत, काहींची किंमत हजारो रुपयांत आहे. व्हिडिओ पाहून अनेकजण सर्वांत मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेतात, शंभर बटणं पाहून गोंधळतात आणि गाणं राहूनच जातं.

घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्याने सॉफ्टवेअर नावावरून निवडू नये, आपल्या कामावरून निवडावं. त्यासाठी काय पाहायचं आणि कोणते पर्याय खरोखर सोपे आहेत, ते समजून घेऊ.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

अशा सॉफ्टवेअरला 'डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन' म्हणतात. त्याचं मुख्य काम म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर ठेवणं. या पट्टीला 'ट्रॅक' म्हणतात.

एका ट्रॅकवर तानपुरा, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर पेटी, चौथ्यावर गाणं. आधीचे ट्रॅक हेडफोनमध्ये ऐकत पुढचा रेकॉर्ड करता येतो. गाताना दुसऱ्या कडव्यात चूक झाली तर तेवढंच कडवं पुन्हा गाता येतं. शेवटी प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करून सगळ्यांची एक फाईल तयार करायची. या मिसळण्याला 'मिक्सिंग' आणि फाईल बाहेर काढण्याला 'एक्सपोर्ट' म्हणतात.

मोफत आणि महागड्या सॉफ्टवेअरमध्ये या मूळ कामात फारसा फरक नसतो. एकाच माईकने, एकाच खोलीत, सारख्याच सेटिंगवर केलेलं साधं रेकॉर्डिंग दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. महाग सॉफ्टवेअरमध्ये जास्तीची वाद्यं, इफेक्ट आणि मोठ्या कामाच्या सोयी असतात. गळा स्वच्छ येणं मात्र माईक, खोली आणि माईकपासूनचं अंतर यांवर अवलंबून असतं.

आधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न

१. एका वेळी किती आवाज रेकॉर्ड करायचे आहेत?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एकटा माणूस एकामागून एक ट्रॅक भरणार असेल तर एक माईक पुरतो आणि जवळपास कोणतंही सॉफ्टवेअर चालतं. पण गायक आणि तबलजी एकत्र बसणार असतील आणि दोघांचे आवाज वेगळे हवे असतील, तर किमान दोन माईक आणि ते दोन्ही कॉम्प्युटरला जोडणारा 'ऑडिओ इंटरफेस' हा छोटा डबा लागतो.

इथे अनेकजण दोन यूएसबी माईक विकत घेतात. असे दोन माईक एकाच सॉफ्टवेअरमध्ये एकत्र चालवणं, विशेषतः विंडोजवर, त्रासाचं असतं. दोन आवाज एकत्र हवे असतील तर दोन इनपुट असलेला एक इंटरफेस बरा. कंडेन्सर प्रकारचा माईक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा 'फँटम पॉवर' पुरवठा लागतो. तो इंटरफेसवर आहे का, तेही पाहून घ्यावं.

२. हाताशी यंत्र कोणतं आहे?

मॅक किंवा आयफोन असेल तर एक मोठा मोफत पर्याय आपोआप मिळतो. विंडोजवर पर्याय जास्त आहेत, पण जुळवाजुळवही थोडी जास्त करावी लागते. फक्त अँड्रॉइड फोन असेल तर ब्राउझर किंवा ॲपवर चालणारा पर्याय शोधावा लागतो.

डिस्कवरची जागाही पाहावी. ४४,१०० हर्ट्झ आणि २४ बिट या सेटिंगवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचं गाणं आठ ट्रॅकवर भरलं तर सुमारे ३२० एमबी लागतात. एखादा ट्रॅक तीन-चार वेळा गायला तर त्याहून जास्त.

३. फक्त खरे आवाज हवेत, की कॉम्प्युटरमधली वाद्यंही?

गळा, तबला, गिटार असे खरे आवाज रेकॉर्ड करणं हे एक काम. कीबोर्ड जोडून कॉम्प्युटरमधलं व्हायोलिन किंवा ड्रम वाजवणं हे दुसरं काम. दुसऱ्या कामासाठी 'मिडी'ची सोय लागते आणि ती प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसते. उलट काही सॉफ्टवेअर मिडीसाठीच बनलेली असतात. उदाहरणार्थ, एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर बीट बनवायला चांगलं आहे, पण माईकवरून गाणं रेकॉर्ड करण्यासाठी ते निवडू नये.

४. गाणं शेवटी कुठे जाणार?

रियाज जपून ठेवायचा असेल तर एक-दोन ट्रॅक भरपूर झाले. रील किंवा यूट्यूबसाठी व्हिडिओसोबत जोडायचं असेल तर सुरुवातीलाच ४८,००० हर्ट्झ हे सेटिंग ठेवावं, कारण व्हिडिओमध्ये तेच वापरतात. मित्र दुसऱ्या गावाहून गिटार पाठवणार असेल तर फाईल देणं-घेणं सोपं असलेलं सॉफ्टवेअर हवं.

सोपे पर्याय कोणते?

ऑडॅसिटी: फक्त रेकॉर्ड करून कापाकापी करायची असेल तर

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेलं आणि २००० मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याचा सोर्स कोडही खुला आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही फारसं अडत नाही.

लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, इतकं ते सरळ आहे. अभंग, कविता, रियाज, कथाकथन यांसाठी उत्तम. २०२२ च्या ३.२ या आवृत्तीपासून गाणं वाजत असतानाच इफेक्ट बदलून ऐकण्याची सोयही आली.

मर्यादा अशी की मिडी कीबोर्डवरून वाद्यं वाजवून रेकॉर्ड करण्यासाठी ते बनलेलं नाही. तसंच आधीचा ट्रॅक ऐकत दुसरा भरला की नवा ट्रॅक किंचित पुढे-मागे बसू शकतो. सेटिंगमध्ये 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' एकदा नीट लावलं की ही कटकट संपते.

गराजबँड: मॅक किंवा आयफोन असेल तर

ॲपलने २००४ मध्ये आणलेलं गराजबँड मॅक, आयपॅड आणि आयफोनवर मोफत मिळतं. खरे आवाज आणि मिडी दोन्ही चालतात, तयार वाद्यं आणि लूप भरपूर आहेत आणि स्क्रीनवर गर्दी नाही. नवशिक्यासाठी हा सर्वांत कमी डोकेदुखीचा पर्याय आहे. पुढे काम वाढलं तर त्यातला प्रोजेक्ट ॲपलच्याच लॉजिक प्रोमध्ये उघडता येतो. विंडोज आणि अँड्रॉइडवर मात्र ते मिळत नाही. कुणी तशी फाईल देत असेल तर ती घेऊ नये.

बँडलॅब: फक्त फोन असेल किंवा मित्रांसोबत काम करायचं असेल तर

सिंगापूरच्या कंपनीचं बँडलॅब ब्राउझरमध्ये, तसंच अँड्रॉइड आणि आयफोनवर चालतं. मूळ सोयी मोफत आहेत. काम ऑनलाइन खात्यात साठतं, त्यामुळे पुण्यात गायलेल्या गाण्यावर नाशिकचा मित्र गिटार भरू शकतो.

त्यासाठी इंटरनेट चांगलं लागतं. गाण्याची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरवर किंवा फोनमध्ये उतरवून ठेवण्याची सवयही लावून घ्यावी.

केकवॉक सोनार: विंडोजवर पूर्ण स्टुडिओ हवा असेल तर

आठ-दहा ट्रॅक, मिडी वाद्यं, इफेक्ट असं सगळं विंडोजवर हवं असेल तर हा मोठा पर्याय आहे. २०२५ पासून त्याची मोफत आवृत्तीही मिळते. मात्र बटणं बरीच आहेत. पहिले काही दिवस शिकण्यात जातील हे धरून चालावं.

रीपर: थोडा धीर असेल आणि लॅपटॉप साधा असेल तर

विनॲम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम बनवणारे जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. डाउनलोड अगदी लहान, चालतं वेगात. ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून पाहता येतं. नंतर वैयक्तिक वापरासाठीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. दिसायला रुक्ष आहे आणि सोबत तयार वाद्यं जवळपास नाहीत. पण खरे आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला ती उणीव जाणवत नाही.

याशिवाय ऑडिओ इंटरफेससोबत अनेकदा एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरची मर्यादित आवृत्ती मोफत येते. नवं काही विकत घेण्याआधी त्या खोक्यातलं कार्ड वाचून पाहावं.

महाग सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून वापरण्याचा मोह टाळलेला बरा. अशा फाईलमधून व्हायरस येतात, अपडेट मिळत नाहीत आणि ऐन वेळी प्रोजेक्ट उघडत नाही. इतके मोफत पर्याय असताना तो धोका पत्करण्याचं कारणही उरत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा का येतो?

घरी रेकॉर्डिंग करणारे सर्वांत जास्त इथेच अडतात. आपण गातो आणि हेडफोनमध्ये तोच आवाज क्षणभराने येतो. लय बिघडते, गाणं थांबवावं लागतं. या उशिराला 'लेटन्सी' म्हणतात.

कॉम्प्युटर आवाजाचे छोटे गठ्ठे करून काम करतो. गठ्ठ्याच्या आकाराला 'बफर' म्हणतात. ४४,१०० हर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, तर १,०२४ चा म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर हा साथीदार आठ मीटर लांब बसल्यासारखा आहे. शिवाय आवाज आत जाताना आणि बाहेर येताना असा दोनदा उशीर होतो.

उपाय साधे आहेत:

- गाताना बफर लहान ठेवा, १२८ किंवा २५६. मिक्सिंग करताना मोठा करा. फार लहान केला आणि कटकट आवाज आला तर एक पायरी वाढवा.
- विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला 'एएसआयओ' ड्रायव्हर टाका. मॅकवर वेगळा ड्रायव्हर बहुतेक वेळा लागत नाही.
- इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण असेल तर ते वापरा. मग आवाज कॉम्प्युटरची फेरी न मारता थेट कानात येतो.
- ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला वापरू नका. त्यांचा उशीर याहून कितीतरी जास्त असतो. दोनशे रुपयांचा वायरचा हेडफोनही इथे सरस ठरतो.

तबला-पेटीवर गाणाऱ्यांनी काय तपासावं?

बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीत समोर ठेवून बनली आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या गायक-वादकांना तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागते.

ताल: नवा प्रोजेक्ट उघडला की सहसा चार मात्रांची मोजणी लागलेली असते. केरवा आणि तीनताल त्यात बसतात. दादऱ्यासाठी ६ किंवा ३, रूपकासाठी ७ मात्रा लावाव्या लागतात. झपतालाच्या १० मात्रांसाठी ५ मात्रांचे दोन भाग धरता येतात. पण क्लिक फक्त पहिली मात्रा ठळक वाजवतो, टाळी आणि काल त्यात कळत नाहीत. म्हणून तबला ॲपमधला ठेका पहिल्या ट्रॅकवर भरून त्यावर गाणं अधिक सोयीचं. विलंबित ख्याल किंवा आलाप असेल तर क्लिक आणि पट्ट्यांची जाळी दोन्ही बंद करावं. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदल सहज करता येतात का, ते आधीच पाहावं.

तानपुरा: 'नॉइज रिडक्शन' सतत चालू असलेला आवाज ओळखून तो काढून टाकतं. पंखा सतत चालू असतो, तसा तानपुराही. त्यामुळे तानपुऱ्यासह गायलेल्या ट्रॅकवर हा इफेक्ट लावला तर सूर पोकळ होतो, कधी तानपुरा विरूनच जातो. फोनमधली आवाज 'स्वच्छ' करणारी सोयही हेच करते, म्हणून ती बंद करता येते का ते पाहावं. तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवून गाताना तो फक्त हेडफोनमध्ये ऐकावा. गाणं सुरू करण्याआधी पाच सेकंद शांत बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करावा. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरला नको असलेल्या आवाजाचा नमुना म्हणून तेच पाच सेकंद देता येतात.

सूर: सूर आपोआप दुरुस्त करणारे इफेक्ट आवाजाला ठरावीक बारा सुरांपैकी जवळच्या सुरावर ओढतात. मींड आणि गमक यांत गळा दोन सुरांच्या मधून जातो, नेमका तोच भाग पायऱ्यांसारखा तुटक होतो. भावगीत किंवा शास्त्रीय गायनावर हा इफेक्ट बंद ठेवलेला बरा. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी विचारली तर काळी एक म्हणजे सी शार्प आणि काळी चार म्हणजे जी शार्प, हे लक्षात ठेवावं.

सॉफ्टवेअर बंद पडलं तर गाण्यांचं काय?

हा प्रश्न फारच कमी लोक आधी विचारतात. केकवॉकचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९८७ पासून चालत आलेलं हे नाव. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाची मालक कंपनी गिब्सनने त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि अनेक वर्षांचे प्रोजेक्ट असलेले लोक अडचणीत आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं आणि मोफत दिलं, म्हणून ते टिकलं. प्रत्येक सॉफ्टवेअरला असा नवा मालक मिळेलच असं नाही.

प्रोजेक्टची फाईल सहसा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. वेव्ह फाईल मात्र कुठेही उघडते. म्हणून गाणं पूर्ण झालं की तीन गोष्टी जपून ठेवाव्यात:

- पूर्ण गाण्याची वेव्ह फाईल. एमपी३ पाठवायला ठीक आहे, पण ती लहान करताना आवाजातला काही भाग कायमचा जातो.
- प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाईल, सगळ्या एकाच शून्य क्षणापासून सुरू होणाऱ्या. मग दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या एकाखाली एक ठेवल्या की गाणं पुन्हा जुळतं.
- हे सगळं किमान दोन ठिकाणी: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर किंवा ऑनलाइन.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा वडिलांचं भजन रेकॉर्ड केलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. तो आवाज पुन्हा रेकॉर्ड करण्याची संधी कदाचित मिळणार नाही. म्हणून अशा फाईल सहज बाहेर काढू देत नसलेलं सॉफ्टवेअर कितीही सोपं असलं तरी निवडू नये.

निवडीआधी एका मिनिटाची चाचणी

दोन सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि दोन्हींत एकाच गाण्याचं एक मिनिट भरून पाहा.

१. पहिल्या ट्रॅकवर ठेका किंवा तानपुरा भरा.
२. तो ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गा. आवाजाचा काटा जोरात गातानाही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला भिडला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही.
३. मुद्दाम एक ओळ चुकवा आणि तेवढीच ओळ पुन्हा भरा.
४. दोन्ही ट्रॅकचा आवाज जुळवून फाईल बाहेर काढा आणि ती फोनवर ऐका.
५. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. सगळं जागच्या जागी आहे का पाहा.

ही पाच कामं मदतीशिवाय तासाभरात जमली तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी सोपं आहे. तिसऱ्या कामालाच अडलात तर दुसरं पाहा. बहुतेकांना रोज लागणारी सोय हीच असते.

थोडक्यात

एकट्याने गाणं किंवा रियाज भरायचा असेल तर ऑडॅसिटी. मॅक किंवा आयफोन असेल तर गराजबँड. फक्त अँड्रॉइड फोन असेल किंवा दूरच्या मित्रांसोबत काम असेल तर बँडलॅब. विंडोजवर वाद्यांसह पूर्ण गाणं बांधायचं असेल तर सोनार, आणि साध्या लॅपटॉपवर जास्त ट्रॅक हवे असतील तर रीपर.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बरा माईक आणि वायरचा हेडफोन घ्यावा. खोलीचा आवाज घुमत असेल तर गादी, जाड पडदे किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांच्याजवळ बसून गावं, त्याला काहीच खर्च नाही. एवढं करून, निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच गाणी पूर्ण झाली आणि तरीही काही कमी पडलं, तर मोठ्या सॉफ्टवेअरकडे वळावं. तोपर्यंत नेमकं काय कमी पडतंय, हेही कळलेलं असेल.